चकचकीत स्टीलच्या कठड्याला रंग : रत्नागिरी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

काम एवढंच : वरच्या गॅलरीचा १८ फुटी कठडा आणि बाहेरच्या जिन्याचा १६ फुटी. सगळा स्टेनलेस स्टीलचा, आरशासारखा बफ केलेला, २०१९ साली बसवलेला. वर दोन इंची पाईप, दीड इंची दहा खांब, मध्ये पाऊण इंची चार आडवे पाईप. घरापासून समुद्र सरळ रेषेत किलोमीटरभर.

रंगवायची कारणं दोन. दुसऱ्याच पावसाळ्यात पाईपांवर चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी डाग आले आणि दर वर्षी वाढत गेले. दुसरं म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना दुपारी तीनची कठड्यावरची तिरीप सहन होत नाही. खुर्ची हलवायची म्हटलं तर तिथूनच रस्ता दिसतो, म्हणून खुर्ची हलणार नाही. कठड्यालाच काहीतरी करायला हवं होतं.

१९ एप्रिल, शनिवार

पेंटर बघून गेला. मालासकट साडेचार हजार. रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन, तीन दिवसांत काम खतम. एवढ्या गुळगुळीत स्टीलवर रंग धरेल का, म्हणून विचारलं. "ताई, रंग कशालाही धरतो."

वाद घातला नाही. दुकानातून दोन्ही अर्धा-अर्धा लिटर आणलं (३६० रुपये) आणि पाण्याच्या टाकीमागच्या, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या खांबावर स्वतःच लावून बघितलं. तो करणार होता तसंच : ओल्या फडक्याने पुसलं, पॉलिश पेपर दोनदा फिरवला, ब्रश मारला.

२४ एप्रिल

रंग सुकला, दिसायलाही झकास. कडेला अंगठ्याच्या नखाने जरा उचललं, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा अख्खा पापुद्रा हातात आला. खाली स्टील जसंच्या तसं. त्यात माझं नाक दिसत होतं.

रंगाला धरायला खरबरीतपणा लागतो, तो इथे औषधालाही नाही. शिवाय स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा न दिसणारा थर असतो. गंजाला तो जसा लांब ठेवतो, तसाच साध्या रंगालाही. रेड ऑक्साइड साध्या लोखंडासाठी ठीक आहे. ३६० रुपये गेले, पण साडेचार हजार वाचले असं त्या दिवशी तरी वाटलं.

जाता जाता : तुमचा कठडा स्टीलचा नसून गॅल्व्हनाइज्ड पाइपचा असेल, तर तिथेही ऑइल पेंट थेट मारू नका. त्यातल्या तेलाची जस्ताशी गाठ पडून मधल्या मध्ये साबणासारखा थर बनतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाचे पोपडे निघतात. शेजारच्या काकांचं गेट याच कारणाने दोनदा सोललंय. ते दोष पावसाला देतात.

२६ एप्रिल, शनिवार

स्टेनलेस असून गंजतं कसं, हे आधी बघून घेतलं. बिलावर नुसतं "एसएस पाईप" लिहिलेलं. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण ३०४ आणि २०२ या स्टेनलेसच्या दोन्ही प्रतींना तो जवळपास चिकटतच नाही. एका फॅब्रिकेटरकडे चाचणीच्या द्रवाची बाटली होती. त्याने खांबाच्या टोकाला एक थेंब टाकला, तो लालसर झाला. म्हणजे २०२. यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. स्वस्त पडतं, घरात वर्षानुवर्षं टिकतं, खाऱ्या हवेत मात्र डागाळतं. समुद्रकाठी खरं तर ३१६ घ्यायला हवं होतं, ज्यात मॉलिब्डेनम असतं. आता काय उपयोग.

खांबांच्या बुडाशी, फरशीला टेकणाऱ्या वाट्यांवर, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले. ते मात्र हवेने झालेले नाहीत. घर झाल्यावर फरशीवरचं सिमेंट काढायला कामगारांनी बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं होतं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टेनलेसला असंच खातं.

२७ एप्रिल

आजची चूक सर्वात मूर्खपणाची, म्हणून सविस्तर.

डाग काढायला भांड्यांची तारेची घासणी घेतली. साधी, लोखंडी तारेची. डाग भराभर निघाले. दोन तासांत गॅलरीचा कठडा नवा दिसायला लागला आणि मी फोटोही काढले.

२८ एप्रिल

सकाळी दवाने कठडा ओला होता आणि त्यावर मोहरी फोडणीतून उडावी तसे शेकडो तपकिरी ठिपके. घासणीच्या तारेचे कण स्टीलमध्ये रुतून बसले आणि रातोरात गंजले. डाग होते त्याच्या चौपट झाले.

उपाय स्वयंपाकघरात निघाला. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवलं, जुनं धोतर फाडून त्याच्या पट्ट्या त्यात भिजवून पाईपांना गुंडाळल्या, अर्धा तास ठेवल्या, मग भरपूर पाण्याने धुतलं. दोन फेऱ्यांत ठिपके गेले. गॅलरीत सगळीकडे पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या बघून आई (सासूबाई) म्हणाल्या, "अगं, हा कठडा पडला की काय कुठे? प्लॅस्टर घातलंयस जणू."

तारेची घासणी भांड्यांच्या मोरीत परत गेली. यापुढे फक्त पेपर आणि हिरवी नायलॉनची घासणी.

१ मे, गुरुवार

शाळेला सुट्टी लागली, आता सलग वेळ आहे. घासायला सुरुवात.

साध्या कागदी पॉलिश पेपरने पाईप घासायला गेलात तर पेपर पंधरा मिनिटांत फाटतो आणि पाईपाची मागची बाजू राहून जाते. कापडी पाठीचा १२० नंबरचा एमरी पेपर घ्या, इंचभर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा, पट्टी पाईपामागून घाला आणि दोन्ही टोकं धरून आळीपाळीने ओढा. ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो अगदी तशी. पाईप चहूबाजूंनी सारखा घासला जातो. माझ्या लेकाची दहावी होऊन निकालाची वाट बघणं चाललं होतं. त्याला हे काम दिलं. रवी त्याने फक्त चित्रात बघितलेली, पण दहा मिनिटांत लय पकडली.

किती घासायचं? चमक पूर्ण मरेपर्यंत. जिथे अजून खिडकीचं प्रतिबिंब दिसतं, तिथे घासलेलं नाही असं समजायचं. सगळा पाईप एकसारखा दुधी, धुरकट दिसला पाहिजे. नाकाला मास्क हवाच. या धुळीत क्रोमियम आणि निकेल असतं. आम्ही पाणी मारत मारत ओलंच घासलं.

दोघांनी मिळून तीन दिवसांत सात तास.

४ मे

सात तासांतले निदान चार फुकट गेले.

घासून झाल्यावर धुतलं आणि पाण्याची चाचणी घेतली. स्वच्छ धातूवर पाणी ओतलं की ते चादरीसारखं सलग पसरायला हवं. कुठे फाटून थेंब-थेंब झालं, तर तिथे तेलकटपणा आहे. मधल्या पाईपांवर चादर बऱ्यापैकी पसरली. वरच्या पाईपावर अळूच्या पानावर नाचावेत तसे थेंब.

हे तेल कुठून आलं? एक तर बफिंगच्या वेळच्या मेणाचं. दुसरं आमचंच. कोकणातल्या घरात डोक्याला खोबरेल लावून झालं की हात आधी कठड्यावर जातो. सहा वर्षं रोज सकाळी. ते मी न धुता घासायला घेतलं, म्हणजे पेपरने तेच तेल ओरखड्यांत भरत गेले. क्रम उलटा झाला. आधी तेल काढायचं, मग घासायचं, मग पुन्हा पुसायचं.

भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात दोनदा धुतलं. मग अ‍ॅसिटोन. दोन फडकी लागतात, एका ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल इथून तिथे नेता. टर्पेंटाइन नको, ते स्वतःच तेलकट पापुद्रा ठेवून जातं. वरचा पाईप पुन्हा घासला, आणखी चार तास. मग चादर सलग पसरली.

त्या क्षणापासून कठड्याला उघड्या हाताने शिवायला बंदी. लेकाने पुठ्ठ्यावर "हात लावू नये, हुकुमावरून" लिहून दोरीने टांगलं. आईंनी वाचलं आणि त्यालाच टेकून उभ्या राहिल्या. तेवढी दोन फूट पुन्हा अ‍ॅसिटोनने पुसली.

९ मे

माल आणला. इपॉक्सी प्रायमर, दोन डब्यांचा : बेस आणि हार्डनर. वरून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, तोही दोन डब्यांचा. नुसता इपॉक्सी उन्हात पांढुरका पडून पावडरीसारखा सुटतो, म्हणून वर पीयू लागतोच. दुकानदाराने एचिंग प्रायमरही सुचवला. तो आम्लावर चालतो, पातळ असतो, स्टेनलेसवर धरतोही. पण त्यावर इपॉक्सी चालत नाही असं इपॉक्सीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं. दोन्हींपैकी एकच निवडा आणि ज्याचा त्याचा कागद वाचा.

किती माल लागेल यावर घरात चर्चा. नवऱ्याने ३४ फूट गुणिले ३ फूट, गुणिले दोन बाजू करून २०४ चौरस फूट काढले आणि चार लिटर सांगितले. मी पाईपाला दोरा गुंडाळून घेर मोजला. सगळे पाईप उलगडून सपाट केले तर जेमतेम ५७ चौरस फूट होतात. कठड्यात पाईपापेक्षा हवा जास्त असते. प्रत्येकी एक लिटरचा संच घेतला.

रंग गडद राखाडी, मंद चमकेचा. काका म्हणाले, "गडद घेऊ नका, तापेल." मी म्हटलं, स्टील काय कमी तापतं?

१० मे, शनिवार

प्रायमर. मापाचे पेले घेऊन ३ भाग बेस, १ भाग हार्डनर. मिसळून वीस मिनिटं थांबायचं, मग लावायचं. इथवर बरोबर. चूक ही की पूर्ण लिटर एकदम मिसळला. डब्यावर चार तास टिकतो असं लिहिलेलं, पण ते ३० अंशांना. आमच्याकडे सकाळी अकरालाच ३४. शिवाय खोल मगमध्ये एकत्र साठलं की ते मिश्रण स्वतःच तापतं. दोन तासांनी मग हाताला कोमट लागायला लागला, अडीच तासांनी ब्रश आत उभा राहिला. मग, ब्रश आणि दोन-तृतीयांश लिटर प्रायमर, तिन्ही मिळून एक दगड. फक्त गॅलरीचे खांब झाले होते.

तो दगड लेकाने टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय.

११ मे

दुसरा संच, आणखी ६४० रुपये. या वेळी दर खेपेला दीडशे मिली, पसरट थाळीत. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. खांबांना दोन इंची ब्रश, पाईपांना छोटा फोम रोलर. आडव्या पाईपाचा आधी खालचा भाग रंगवायचा, मग वरचा. उलटं केलं तर खाली ओघळ लोंबतात आणि ते दिसतात सुकल्यावरच.

१३ मे

दहावीचा निकाल. काम बंद. पेढे.

१४ मे

टाकीमागच्या त्याच खांबावर (सगळा जुना रंग सोलून, नव्या पद्धतीने केलेला) ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकटी पाडल्या, वर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढला. एकही चौकट निघाली नाही. मी टेप उजेडात धरून दोनदा बघितला.

१७ मे

पीयूचा पहिला हात. मास्क साध्या कापडाचा चालत नाही, वाफ अडवणारी काडतुसं असलेला हवा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. म्हणूनच घरी स्प्रे करण्याच्या फंदात पडले नाही. मास्क ९५० रुपयांचा, अख्ख्या कामातली सर्वात महाग एक वस्तू. आईंना दोन दिवस नणंदेकडे पाठवलं. हात सुरेख बसला.

२० मे, मंगळवार

दुसरा हात. सकाळपासून आभाळ. ३५० रुपयांचं आर्द्रता दाखवणारं यंत्र घेतलं होतं, ते ८३ दाखवत होतं. ८५ च्या वर रंगवू नये हा नियम, म्हणजे मी नियमात होते. पण ते सकाळी सात वाजता. जिन्याच्या वरच्या पाईपापाशी आले तेव्हा यंत्र बघायचंच राहिलं. पाच वाजता सर आली.

गॅलरीवर स्लॅब आहे, ती वाचली. जिना उघडा. पीयूचा हार्डनर पाण्याशी भिडला की त्यातून वायू निघतो. वरच्या पाईपावर साबुदाण्यासारखे बारीक फोड आणि मध्ये मध्ये पांढरट धूर.

२५ मे

यंदा पाऊस आजच तळकोकणात दाखल झाला. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो. त्याच हिशोबाने मी "मे अखेरपर्यंत वेळ आहे" म्हणत होते. काल किनारपट्टीवर कमी दाबाचं क्षेत्रही येऊन धडकलं. कठडा फोडांसकट भिजतोय.

७ जून, शनिवार

पावसाने दडी मारली आहे. चार दिवस कडकडीत. जिन्यावर ताडपत्री बांधली. फोडांचा पाईप ३२० नंबरच्या पाणीपेपरने सपाट केला, अ‍ॅसिटोनने पुसला, दर तासाला यंत्र बघत (७४, ७६, ७५) पीयूचा नवा हात दिला. शंभरेक मिली बेस आणि थोडा हार्डनर उरला. झाकणं घट्ट लावून माळ्यावर.

खर्च आत्ताच मांडते, नंतर आकडे गोड होतात. वाया गेलेला रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट ३६०, एमरी आणि इतर पेपर ४८०, प्रायमरचे दोन संच १२८०, पीयू ८९०, थिनर आणि अ‍ॅसिटोन ५२०, ब्रश-रोलर-टेप ४३०, मास्क ९५०, यंत्र ३५०. एकूण ५२६० रुपये. पेंटरपेक्षा ७६० जास्त, आणि तीन दिवसांच्या जागी सात आठवडे. घासण्याचे अकरा तास, रंग लावण्याचे नऊ.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती बुधवारी. साफसफाईच्या निमित्ताने कठडा इंच-इंच तपासला. पाईपांवर रंग पक्का, डाग नाहीत, नखाने काही निघत नाही. दोन ठिकाणी हरले. एक, जिन्याच्या तीन खांबांच्या बुडाच्या वाट्या. वाटी आणि फरशीच्या फटीत पाणी साचून तिथला रंग कडेने उचललाय. रंगवायच्या आधी वाट्या वर सरकवून आतून घासायला हव्या होत्या आणि शेवटी फटीत सीलंट भरायला हवं होतं. मी नुसती टेप लावून भोवती रंग दिला होता. दुसरं, आडवा पाईप खांबाला वेल्ड केलाय त्याची खालची बाजू. दिसत नाही म्हणून तिथे पट्टी ओढली नव्हती. आरसा धरून बघितलं, रुपयाएवढा पापुद्रा लोंबत होता. टाकीमागच्या पहिल्या खांबासारखाच.

दोन्हींची दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबरचं ऊन. तिरीप पूर्ण गेली. आई दुपारी तीनला खुर्चीत निवांत बसून रस्ता बघतात. आज जिना उतरताना मात्र त्यांनी पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि मगच कठडा धरला. विचारलं तर म्हणाल्या, "हात भाजतो गं. पण छान दिसतो हो."

मी दीड वाजता स्वतः हात लावून बघितला. तीन सेकंदांच्या वर ठेवता येईना. काकांना अजून सांगितलेलं नाही.

फक्त वरचा पाईप फिकट करायचा ठरलं, ३४ फूट. उरलेला हार्डनर आहेच म्हणून माळ्यावरून बाटली काढली. आत खडीसाखरेसारखा गोळा. एकदा उघडलेली बाटली दमट हवेत अशीच आतल्या आत धरते. म्हणजे नवा संच. आणि जुना पीयू चार महिने मुरलेला, त्यावर तसाच नवा हात बसणार नाही, आधी चमक मारावी लागेल. लेक अकरावीच्या क्लासला गेलाय. एमरीच्या सहा पट्ट्या फाडून ठेवल्यात, तो आला की दुसरं टोक धरेल.